अंगाला बसणारा सदरा

नेसरीचं नाव निघालं की कुणालाही आधी खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव त्या दिवसानं इतिहासात नेलं, कुसुमाग्रजांच्या कवितेनं घरोघरी नेलं. मला या गावातून एका वेगळ्या वाटेनं मागं जायचं आहे. ती वाट अंगातल्या कपड्याची आहे. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मराठा स्वाराचा नेहमीचा वेष सांगितला आहे. गुडघा झाकेल इतपत चोळणा, डोक्याला पागोटं आणि पुष्कळदा त्याचा एक वेढा हनुवटीखालून घेतलेला, अंगात कापूस घालून टाचलेला अंगरखा, कमरेला शेला आणि तलवार त्या शेल्यातच खोचलेली. घोड्यावर दिवसच्या दिवस काढणाऱ्या माणसाचा हा पोशाख. त्याला कॉलर नव्हती, कफ नव्हता, बटणांची रांग नव्हती, आणि छातीच्या मापाचा आकडाही नव्हता. तरी तो अंगाला बसायचा.

कसा बसायचा, याचं उत्तर बंदात आहे. अंगरखा असो, त्याची आखूड बहीण बाराबंदी असो, पुढचे दोन पदर एकमेकांवर घ्यायचे आणि बंदांनी आवळायचे. बाराबंदीला बंदांच्या सहा जोड्या. माणूस दुष्काळात वाळला तर पदर जास्त चढायचा, सुगीत अंग धरलं तर कमी चढायचा. बाप गेला की त्याची बाराबंदी मुलाला चालायची. कपडा शिवताना मापाची जी कसर राहील, ती रोज सकाळी अंगात घालताना बंद भरून काढत. बटणाला हे जमत नाही. बटणाची जागा एकदा ठरली की ठरली, पोट सुटलं तर ते ताणतं आणि अंग उतरलं तर झोळ पडतो. नीट मापाची गरज आपल्याकडे बटणाबरोबर आली, असं माझं मत आहे, आणि सदऱ्याचा सगळा मागोवा मी याच धाग्यानं घेतो.

कष्टकऱ्याच्या अंगावर अंगरखा रोज नसे. शेतात लंगोटी, खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. बाजाराला किंवा पाहुण्यांकडे जायचं तर बंडी, नाहीतर पैरण. पैरण डोक्यातून घालायची, गळ्याशी वीतभर चीर आणि तिला एखादी गुंडी. ती बेतण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. मागावरून निघालेलं कापड जेवढ्या पन्ह्याचं, तेवढीच अंगाची रुंदी. एक लांब पट्टा मधोमध दुमडायचा, दुमडीवर गळा कापायचा, की पाठ-पोट झालं. दोन सरळ आयत म्हणजे बाह्या. घेर हवा असेल तर बाजूला कळ्या. आणि बगलेत एक लहानसा चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा, तो चौबगला. कुठेही गोलाई नाही, त्यामुळे चिंधी जवळजवळ पडत नाही. हातानं सूत काढून, हातमागावर विणलेलं कापड असं गोल कापून वाया घालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

या चौबगल्याकडे मी मोठ्या आदरानं बघतो. सरळ बाही सरळ अंगाला जोडली की हात वर करताना सगळा कपडा वर ओढला जातो. बगलेत तिरपा चौकोन घातला की हात उचलताना तो उघडतो, खाली आणला की मिटतो. तलवार उगारणाऱ्यालाही तो हवा आणि उसाचा भारा डोक्यावर घेणाऱ्यालाही हवा. मुंढ्याच्या, म्हणजे बाही अंगाला जिथे जोडतात त्या भोकाच्या, गोलाईचं गणित मांडलं जाण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न एका तुकड्यानं सुटला होता.

नेमकी हीच बेतणी युरोपातही होती, आणि आपल्या मागोव्यातला हा सर्वांत मोलाचा दुवा आहे. तिकडचा शर्ट अनेक शतकं आत घालायचा कपडा होता. चौकोन, आयत आणि बगलेतला तुकडा यांचाच तो बनलेला असे आणि डोक्यातून घातला जाई. तो शिवायचा कोणी? कोट शिवायला शिंपी, आणि शर्ट मात्र घरातल्या बायका किंवा घरोघरी काम करणाऱ्या शिवणाऱ्या बायका शिवत. शर्ट हा मुळात घरचा कपडा. एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू बाहेर दिसू लागला, खांद्यावर वेगळी पट्टी आली, मुंढा गोल झाला, बाहीला डोकं आलं. वरपासून खालपर्यंत समोर उघडणारा, कोटासारखा चढवायचा शर्ट लंडनच्या ब्राऊन, डेव्हिस अँड कंपनीनं १८७१ साली नोंदवला, असं सांगतात. म्हणजे आज आपण ज्याला शर्ट म्हणतो त्याचं वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे. नेसरीची लढाई त्याहून दोनशे वर्षं जुनी.

हा शर्ट गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या टापूत आला तो तीन वाटांनी. पहिली वाट बेळगावची. नेसरीला बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ, आणि बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. रजेवर आलेल्या जवानाच्या अंगातला खाकी शर्ट हा खेड्यानं जवळून पाहिलेला, नीट मापाचा, खिसे आणि खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट. दुसरी वाट मुंबईची. गिरणगावात राबणारी माणसं सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची. गणपतीला, जत्रेला गावी येताना ती मुंबईची चाल अंगावर घेऊन येत. तिसरी वाट शाळेची, पांढरा हाफ शर्ट आणि खाकी चड्डी.

कापड तर दाराशीच तयार होऊ लागलं होतं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला हात दिला, आणि पुढे इचलकरंजीचं पॉपलीन देशभर गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, १९०६ साली, शाहू छत्रपती मिल उभी राहिली. यंत्रमागावरचं कापड रुंद आणि स्वस्त. गोल कापून चिंधी टाकणं परवडू लागलं ते यामुळे. मुंढ्याच्या गोलाईमागे कापडाच्या भावाचा हा हिशेब आहे.

शिवणयंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिंगर मशीन मुंबईतून देशभर विकली जाऊ लागली, तीही हप्त्यांवर, त्यामुळे रोख जमवू न शकणाऱ्या शिंप्यालाही ती घेता आली. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत. संत नामदेवांची परंपरा सांगणारा हा समाज सुई-कातरीचं काम पिढ्यान्पिढ्या करत आला होता. पायमशीन आल्यावर तो दुकानाच्या कट्ट्यावर बसला. स्वातंत्र्याच्या आधीच कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं देशी बनावटीची उषा मशीन काढली आणि पुढे ती मध्यमवर्गीय घरात आली. महात्मा गांधी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला त्यातून वगळलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरनं ते प्रेमापोटी बनवलं, अशी समजूत त्यांनी सांगितली. सिंगरच्या चरित्राशी ती जुळत नाही, पण गांधींनी नेमकं काय वेचलं ते पाहावं. घरात बसून, एका माणसाच्या हुकमात चालणारं यंत्र त्यांना मान्य होतं.

मग घरात मशीन आली, तरी पुरुषाचा शर्ट घरात का शिवला गेला नाही? पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ पासून चालवलेल्या सेवासदनानं शिवणकाम हे बायकांच्या पायावर उभं राहण्याचं साधन केलं. नंतर गावोगावी शिवणवर्ग निघाले. मुलीच्या लग्नात मशीन आंदण दिली गेली. त्या मशीनवर झबली झाली, परकर-पोलकी झाली, ब्लाउज झाले, पिशव्या, पडदे, उशांचे अभ्रे झाले. मुलांचे सदरेही झाले. नवऱ्याच्या शर्टाचं कापड मात्र शिंप्याकडेच गेलं. अवघड वाटायचं ते कॉलरचं, कफाचं आणि काजांचं. त्यातली गंमत अशी की त्याच शिंप्याच्या दुकानातून तयार शर्टांची काज-बटणं करायला त्याच बायकांच्या घरी यायची. शर्टातलं सगळ्यात नाजूक हातकाम त्या करत होत्या, आणि अख्खा शर्ट आपल्याला जमणार नाही असं मानत होत्या.

लहानपणीच्या सदऱ्याबद्दल एक शब्दप्रयोग प्रत्येक मराठी घरात ऐकलेला असतो: वाढत्या अंगाचा शिवा. शाळा सुरू होताना खांदे कोपराकडे उतरलेले, बाह्या मनगटावर आलेल्या, आणि वर्ष संपता संपता तोच सदरा काखेत घट्ट. मधले काही महिने तो बरोबर बसायचा. ज्या घरात वर्षाला एकच सदरा मिळतो तिथे यापेक्षा शहाणा निर्णय असू शकत नाही, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याचा परिणाम मोठेपणीही राहिला. सैल कपडा म्हणजे चांगला, बेताचा कपडा म्हणजे चैन, अशी सवय अंगात मुरली. आपल्या खांद्याचा उतार किती आहे हे तिशी उलटलेल्या पुरुषालाही माहीत नसतं.

शिंपी मात्र ते ओळखायचा. जुन्या शिंप्याची टेप छातीभोवती फिरायची तेव्हा त्याची नजर दुसरंच काही टिपत असायची. एक खांदा खाली आहे, पाठ वाकली आहे, मान पुढे आहे. वहीत उंची, छाती, खांदा, बाही, गळा असे आकडे लिहून शेजारी तो आपल्या खुणेनं एखादं अक्षर टाकायचा. युरोपातल्या शिंप्यांकडे टेप येण्याआधी कागदाची पट्टी असे. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र पट्टी, त्यावर मापांच्या जागी खाचा. इंच नाही, आकडा नाही, फक्त त्या माणसाचं अंग. पुढे टेप आली आणि तिच्यामागून छातीच्या मापावरून बाकी सगळं काढण्याचं गणित आलं. छातीचा चौथा हिस्सा अधिक दीड-दोन इंच म्हणजे अंगाचा पाव घेर, गळ्याच्या मापाचा सहावा हिस्सा म्हणजे गळ्याची अर्धी रुंदी, अशी ही रीत. तिच्यामुळे शिवणकाम शिकवता येऊ लागलं, हा तिचा फार मोठा उपकार आहे. के. आर. झारापकर यांच्या ‘झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग’सारख्या पुस्तकांतून ही बेतणी शिंप्याच्या घराबाहेर पडली आणि ज्याच्या घराण्यात कुणी कातर धरली नव्हती त्यालाही ती शिकता आली. पण गणिताला एक सरासरी माणूस लागतो. दोन्ही खांदे सारखे असलेला, पाठ ताठ असलेला, छातीच्या प्रमाणात बाकी सगळं वाढलेला.

तयार कपड्यांनी तो सरासरी माणूस दुकानात उभा केला. ३८, ४०, ४२, ४४. टेरिलीन-टेरिकॉटच्या लाटेनंतर, १९८० च्या पुढे, तयार शर्ट तालुक्याच्या बाजारपेठेतही आला आणि शिंप्याकडे राहिली ती दुरुस्ती, उंची कमी करणं आणि शाळेचे गणवेश. हे आकडे आले कुठून? बव्हंशी इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांतून. भारतीय अंगाची मापं घेण्यासाठी ‘इंडिया साइज’ नावाचा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे अलीकडे दिला गेला; १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून अधिक लोकांची मापं यंत्रानं घ्यायची अशी त्याची आखणी, आणि त्यासाठी निवडलेली शहरं सहा. काम स्वागतार्हच आहे. पण सहा शहरांच्या मापात घटप्रभेच्या काठी दुधाची किटली रोज एकाच हातानं उचलणाऱ्या माणसाचा उजवा खांदा कितपत सापडेल?

आता तो खांदाच जवळून बघू. घरी शर्ट शिवायचा असेल तर आधी मांजरपाटाचा कच्चा शर्ट शिवा, लांब टाच घालून, कॉलर-कफांशिवाय. ज्याचा शर्ट आहे त्याला उजेडात उभं करा आणि नेहमीसारखं उभं राहायला सांगा. छाती पुढे काढून उभं राहिलेल्या माणसाचं माप खोटं असतं. आता चुण्या बघा. गळ्याच्या कडेपासून बगलेकडे तिरपी चुणी उतरत असेल तर त्या बाजूचा खांदा कापडापेक्षा खाली आहे. खांद्याच्या शिवणीवर, बाहीकडच्या टोकाला, कापड चिमटीत धरा, चुणी जाईपर्यंत. टाचणी लावा. हा चिमटा गळ्याकडे येता येता शून्य झाला पाहिजे. बहुतेकदा तो पाव इंचाचा असतो, फार तर अर्ध्याचा. जेवढं खांद्यात घेतलं तेवढाच मुंढा खाली खोल करायचा, नाहीतर बगल काचते. आणि हे एकाच बाजूला करायचं, दुसरा खांदा जसा आहे तसाच. कागदावर डावी-उजवी वेगवेगळी कापायला हात धजत नाही, पण अंगच तसं आहे.

पाठीचं असंच. मागचा काठ वर चढलेला आणि पुढचा लोंबलेला दिसला, कॉलर मानेपासून सुटली, तर पाठ गोल आहे. खांद्याच्या पट्टीखाली, पाठीच्या तुकड्यात अर्धा-पाऊण इंच उंची वाढवली की काठ सरळ होतो. वय झालेल्या, आयुष्यभर वाकून भांगलण केलेल्या माणसाच्या शर्टात ही एवढी दुरुस्ती केली की त्याला शर्ट मागं ओढत बसावं लागत नाही. आणि हात वर करून बघायला विसरू नका. शर्ट कमरेतून वर निघत असेल तर मुंढा फार खोल आणि बाहीचं डोकं फार उंच आहे. मुंढा बगलेजवळ आणा, बाहीचं डोकं चपटं करा. घरी शिवणारे इथेच उलटं करतात. घट्ट होतं म्हणून मुंढा आणखी कापतात आणि हात आणखी अडकतो. चौबगल्याचं काम इथे गोलाईकडून करून घ्यायचं आहे.

कॉलरची भीती मात्र निष्कारण आहे. बकरम चारी बाजूंनी शिवणीची जागा सोडून कापा, इस्त्रीनं चिकटवा, टोकाशी एक टाका आडवा घ्या म्हणजे टोक उलटवताना फाटत नाही. पहिल्या दोन कॉलर वाकड्या होतील, तिसरी होणार नाही. गळ्याच्या मापाला अर्धा-पाऊण इंच जास्त धरा. काज मशीनवर येत नसेल तर हातानं करा. वाकळ शिवणाऱ्या हातांना तो टाका परका नाही. आमच्या कोल्हापूर भागात जुन्या सदऱ्यांचा शेवट वाकळीतच होतो, म्हणजे त्या घरात सुई आहे, दोरा आहे, सरावही आहे.

मापाचा प्रश्न केवळ हौशी माणसाचा नाही, हे २०२४ साली सगळ्या राज्यानं पाहिलं. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत कापड एका ठिकाणाहून आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे, अशी व्यवस्था केली गेली. गणवेश उशिरा पोचले, अनेक मुलांना ते बसेनात, तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. शिवणाऱ्या बायकांच्या हाताला मी इथे दोष देत नाही. ज्या मुलासाठी शर्ट शिवायचा तो त्यांच्यासमोर उभा नव्हता, त्यांना मिळाला होता आकड्यांचा तक्ता. गावातल्याच बाईनं गावातल्याच मुलाचं माप घेतलं असतं तर त्याच मशीनवर, त्याच कापडात शर्ट बसला असता. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. या प्रशिक्षणात ब्लाउज-पंजाबी ड्रेसच्या बरोबरीनं पुरुषाचा शर्ट आणि कच्च्या कपड्यावरून अंगाला बसवण्याची रीत शिकवायला हवी. गावात ते गिऱ्हाईक आहे आणि त्याचा जुना शिंपी दुकान बंद करतो आहे.

बटण आल्यावर कपडा बंदांसारखा रोज सैल-घट्ट करता येत नाही. पण ज्याचा शर्ट त्याच्यासमोर बसून शिवला, वर्षा-दोन वर्षांनी त्याचं माप पुन्हा घेतलं, तर ती कसर बरीच भरून निघते. हे काम बाजारातला तक्ता करू शकत नाही, आणि चांगल्या शिंप्यानंतर ते करायला घरापेक्षा योग्य जागा मला दिसत नाही.

तुमच्या घरात मशीन असेल आणि तिच्यावर पिशव्या, अभ्रेच होत असतील तर एवढं करा. घरातल्या पुरुषाचा त्याला सर्वांत आवडता, आता विटलेला शर्ट घ्या आणि शिवण उसवून त्याचे तुकडे वेगळे करा. त्याच्यावरून कागद कापा. दोन-अडीच मीटर मांजरपाट आणा. खऱ्या शर्टासाठी ३६ इंची पन्ह्याचं कापड सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंचीचं एक मीटर साठ सेंटिमीटर पुरतं. सुती कापड आधी भिजवून, वाळवून घ्या. कातर लावण्याआधी दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा, आणि ते आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा.